आतडं मोडत नाही: मेडिकल ट्रान्सक्रिप्शनमध्ये शब्द पडताळायचा कसा

मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या, म्हणजे डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून टाइप करायच्या, कामाला लागून चौथा महिना चालू होता. मोटरसायकलवरून पडलेल्या एका माणसाचा रिपोर्ट मी टाइप केला. डॉक्टर सावकाश, स्पष्ट बोलत होते: उजव्या 'इलियम'ला फ्रॅक्चर. मी शब्द लिहिला, स्पेलचेकरनं लाल रेघ ओढली नाही, फाइल पुढं पाठवली. दुपारी आमच्या सीनियर बाईंनी बोलावून घेतलं आणि एकच विचारलं, "आतडं मोडतं का गं?"

'इलियम' असे दोन शब्द आहेत. आय-एल-ई-यू-एम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग. आय-एल-आय-यू-एम म्हणजे कमरेचं पसरट हाड. उच्चार एकच, दोन्ही स्पेलिंगं बरोबर, म्हणून स्पेलचेकर दोन्हींना सोडून देतो. त्या दिवसापासून मी हे दोन शब्द असे लक्षात ठेवलेत: लहान लिपीतला 'ई' आतड्यासारखा वळसा घेतो आणि 'आय' हाडासारखा सरळ उभा असतो.

हा लेख सांगली-मिरजेत या कामाला नव्यानं लागलेल्या मुलामुलींसाठी आहे. आपल्याकडं हे काम पुष्कळ आहे, त्याचं कारण मिरज. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथं रुग्णालय सुरू केलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि आज जत, कवठेमहांकाळपासून पार अथणी, जमखंडीपर्यंतचा पेशंट मिरजेला येतो. तेवढी डिस्चार्ज कार्डं, तेवढे ऑपरेशनचे नोट्स, तेवढे एक्स-रे आणि एमआरआयचे रिपोर्ट. शिवाय घरी बसून परदेशातल्या डॉक्टरांचं डिक्टेशन टाइप करणारेही इथं आहेत. दोन्हीकडं मेहनत एकच: ऐकलेला शब्द कागदावर यायच्या आधी तो खरा आहे का, आणि त्या जागी तोच हवा आहे का, हे बघणं. यातलं दुसरं बघायला नवी माणसं विसरतात.

पहिली पायरी: आधी पूर्ण ऐका, मग टाइप करा

रेकॉर्डिंग चालू करायचं पायातलं पेडल दाबलं की बोटं चालवायची, ही सवय सुरुवातीला तरी मोडा. फाइल चार मिनिटांची असेल तर एकदा नुसती ऐका आणि कागदावर पाचच गोष्टी टिपा: पेशंटचं वय, स्त्री की पुरुष, तक्रार काय, शरीराचा कुठला भाग, डॉक्टर कुठल्या विभागाचे. पुढं अडलेला प्रत्येक शब्द याच पाच गोष्टींवर घासून बघायचा आहे. हाडांच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये आतड्याचा शब्द आला तर थांबायचं. सत्तर वर्षांच्या पुरुषाच्या रिपोर्टमध्ये गर्भाशय आलं तर नक्कीच थांबायचं.

या चार मिनिटांचा कंटाळा करू नका. नंतर एकेका शब्दापाशी दहा-दहा मिनिटं जातात, ती यातूनच वाचतात.

दुसरी पायरी: कानाला आलेल्या आवाजाचं अक्षर शोधा

इंग्रजी वैद्यकीय शब्द मुळात ग्रीक-लॅटिनचे. त्यांत अक्षरं मुकी राहतात. आपण मराठी माणसं जसा उच्चार तसं अक्षर या सवयीत वाढलेलो, त्यामुळं शब्दकोशाचं चुकीचं पान उघडतो आणि "शब्दच नाही" म्हणून सोडून देतो. म्हणून पहिला आवाज कुठला आला ते बघा आणि त्याची सगळी दारं ठोठवा.

'स' ऐकू आला तर एस, सी, पी-एस आणि एस-सी ही चारही पानं बघा. सोरायसिस पी-एस वर सापडतो, सायॅटिका एस-सी वर. 'न' आला तर एन सोबत पी-एन बघा; न्यूमोनियाचा पी आपल्याला ठाऊक असतो, पण न्यूमोथोरॅक्स पहिल्यांदा ऐकताना तो आठवत नाही. 'ट' असेल तर टी आणि पी-टी. पापणी खाली पडते त्या टोसिसच्या आधी मुका पी आहे. 'र' असेल तर आर आणि आर-एच, 'झ' असेल तर झेड आणि एक्स, 'क' असेल तर के, सी आणि सी-एच. पित्ताशयाचे जवळजवळ सगळे शब्द सी-एच नं सुरू होतात.

'ई'चं जरा वेगळं आहे. अमेरिकन डॉक्टर अन्ननलिका नुसत्या ई वर लिहितात, ब्रिटिश वळणाचे ओ-ई वर. इडिमा, डायरिया यांचं तेच. ॲनिमिया, हिमोग्लोबिन, पीडियाट्रिक यांत अमेरिकन ई च्या जागी ब्रिटिश ए-ई येतात. आपल्याकडची वैद्यकीय इंग्रजी मुळात ब्रिटिश, पण बरीच पाठ्यपुस्तकं आणि सॉफ्टवेअर अमेरिकन, त्यामुळं इथले डॉक्टर दोन्ही लिहितात. ज्यांचं काम करताय त्यांचे जुने रिपोर्ट बघा आणि एकच वळण शेवटपर्यंत पाळा. एका रिपोर्टमध्ये दोन वळणं दिसली की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

आणि जिथं काही वाहणं किंवा फुटणं आहे, तिथं दोन आर आणि एक एच असतात, हे कायमचं लक्षात ठेवा: हेमरेज, डायरिया, हेमरॉइड्स. सिरॉसिसचा अर्थ वाहण्याशी जुळत नाही, पण त्यातही ही जोडी आहे. निम्म्या चुका या एका एच वर होतात.

तिसरी पायरी: शब्द सुटा करा

लांबलचक शब्दाला घाबरू नका, तो तोडा. पुढचा तुकडा, मधलं अवयवाचं नाव, शेवटचा तुकडा. 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड. त्याला 'एक्टॉमी' लागलं तर मूत्रपिंड काढून टाकलं. 'ऑटॉमी' लागलं तर छेद दिला. 'ऑस्टॉमी' लागलं तर बाहेर वाट काढली, बहुतेक वेळा नळी ठेवली. ऐकताना तिन्हींमध्ये एका व्यंजनाचा फरक, आणि पेशंटच्या पोटात किती मोठा. पुढं त्याच नोटमध्ये "मूत्रपिंडात ठेवलेल्या नळीतून लघवी स्वच्छ येत आहे" असं आलं, तर तुमचा शब्द 'ऑस्टॉमी'चाच हवा.

उपसर्गांमध्ये सगळ्यात फसवा 'अ'. याचं गुपित आपल्या भाषेतच आहे. ग्रीकमधला 'अ' आणि संस्कृतातून आलेला आपला 'अ' एकाच कुळातले: अशक्त, अबोल, अचूक. 'अफेब्राइल' म्हणजे ताप नसलेला. स्वर पुढं आला की आपण 'अन्' लावतो, अनावश्यक, अनुचित. ग्रीकही तेच करतं, म्हणून लघवी न होणं म्हणजे 'अन्-युरिया'. आता डॉक्टर भरभर बोलताना "अफेब्राइल" म्हणाले की "अ फेब्राइल", हे कानाला कळत नाही. पहिल्यात ताप नाही, दुसऱ्यात आहे. मग तपासणीच्या ओळीत तापमान किती सांगितलंय ते शोधा. ९८.४ असेल तर शब्द जोडून लिहा.

हायपर आणि हायपो यांनाही आकड्यांवरच घासायचं. डॉक्टर "हायपर कॅलेमिया" म्हणाल्यासारखं वाटलं आणि पुढं पोटॅशियम २.८ सांगितलं, तर काहीतरी चुकतंय, कारण पोटॅशियमची नेहमीची पातळी साधारण ३.५ ते ५ असते. २.८ म्हणजे कमी, म्हणजे हायपो. पण आपण होऊन बदलू नका, पुन्हा ऐका. कदाचित शब्द बरोबर असेल आणि आकडाच तुम्ही चुकीचा ऐकला असेल. आणि 'कॅलेमिया' पोटॅशियमचा, 'कॅल्सेमिया' कॅल्शियमचा, हेही तिथंच तपासून घ्या.

चौथी पायरी: जुळ्यांची वही घाला

एकसारखे ऐकू येणारे शब्द स्वतःच्या वहीत जोडीनं लिहा, समोर मराठीत अर्थ. छापील यादी कुणी दिली तरी ती नुसती वाचून राहत नाही, हातानं लिहिलेलं राहतं. युरेटर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत, युरेथ्रा मूत्राशयापासून बाहेर. पेरोनियल पायाचं, पेरिनियल गुदद्वार आणि जननेंद्रियाच्या मधल्या भागाचं. प्रोस्टेट ही ग्रंथी. आणखी एक आर घातला की प्रॉस्ट्रेट, म्हणजे पालथा पडलेला. म्यूकस नाम असेल तर यू-एस, विशेषण असेल तर ओ-यू-एस. ॲबडक्शन शरीरापासून दूर नेणं, ॲडक्शन शरीराकडं आणणं. बरेच हाडांचे डॉक्टर इथं मुद्दाम "ए-बी" आणि "ए-डी" असं अक्षर तोडून सांगतात. त्यांचे मनातून आभार माना आणि ते तोडणं नीट ऐका.

डिस्फेजिया आणि डिस्फेझिया ही जोडी आपल्याला जास्त छळते. पहिल्यात गिळायला त्रास, दुसऱ्यात बोलायला. मराठीत 'जीव'मधला ज वेगळा आणि 'जग'मधला वेगळा, पण लिहितो दोन्ही एकाच अक्षरानं, म्हणून हा फरक आपण कानानं पकडला तरी मनात एकाच खणात टाकतो. या शब्दापाशी आलात की पुढची चार वाक्यं बघा. एंडोस्कोपी, घास अडकणं, अन्ननलिका असेल तर जी. पक्षाघात, मेंदूचा स्कॅन, शब्द न सुचणं असेल तर एस.

संक्षेपांचंही असंच. 'आरए' म्हणजे संधिवाताचा एक प्रकार, हृदयाचा वरचा उजवा कप्पा, किंवा ऑक्सिजन न लावता साध्या हवेत. "सॅच्युरेशन ९८ टक्के ऑन आरए" इथं तिसराच अर्थ. 'ओपी' म्हणजे बाह्यरुग्ण, पण तासगावकडच्या द्राक्षबागेत फवारणी करून आलेल्या माणसाच्या नोटमध्ये ॲट्रोपिन हा कीटकनाशकावरचा उतारा चालू केला असेल, तर ओपी म्हणजे ऑर्गनोफॉस्फरस विषबाधा. संक्षेप उलगडून लिहायची मुभा असेल तेव्हाही खात्री असल्याशिवाय उलगडू नका.

एक शब्द जवळून

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडं नव्यानं आलेली मुलगी हेडफोन काढून म्हणाली, "ताई, 'लार्ज राइट सोअर्स ॲब्सेस' हे काय? सोअर म्हणजे फोड ना? मग फोड आणि गळू दोन्ही?" तिनं शब्दकोशात 'सोअर' बघितला होता, स्पेलिंग बरोबर होतं. नेटवर शोधल्यावरही तशी दोन-चार पानं निघाली होती.

मी तिला तिचाच कागद दाखवायला सांगितलं. वय २६, स्त्री, पाठदुखी, संध्याकाळचा ताप, वजन कमी होणं, कमरेच्या मणक्यांचा एमआरआय. दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याची झीज. मग आम्ही फाइल पुढं ढकलली. चाळीस सेकंदांनी डॉक्टर म्हणाले, "मसल इज डिस्प्लेस्ड." म्हणजे तो शब्द स्नायूचं नाव होता, कमरेच्या मणक्याला लागून असलेल्या स्नायूचं. शरीररचनेच्या पुस्तकात तिथले स्नायू काढले. तिनं बोट ठेवलं: पी-एस-ओ-ए-एस. 'सोॲस'. मुका पी. मग उलटी तपासणी केली: मणक्याच्या क्षयात या स्नायूत पू साठतो का? साठतो, आणि खाली मांडीपर्यंत उतरतो, हे पुस्तकात तिथंच होतं. शेवटी डॉक्टरांनी निदान सांगितलं, 'पॉट्स स्पाइन', म्हणजे मणक्याचा क्षयच. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकानं १७७९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याच्या नावात दोन टी, भांड्याच्या इंग्रजी शब्दासारखा एक नाही. सगळे धागे एकमेकांना धरून बसले तेव्हा तिनं शब्द टाइप केला. याला पंधरा मिनिटं लागली. पुढच्या वेळी दोन सेकंद लागतील.

यात गुगल कुठं चुकलं, ते बघा. तुम्ही चुकीचं स्पेलिंग टाकलं तरी ते काहीतरी दाखवतंच, कारण तुमच्यासारखीच चूक जगात आणखी कुणीतरी केलेली असते. किती पानं निघाली हा पुरावा धरू नका. व्याख्या वाचा. स्टेडमन किंवा डॉरलंड यांपैकी एक वैद्यकीय शब्दकोश हाताशी ठेवा. दोन्हींना शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे आणि जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी शरीररचनेचे शब्द फारसे बदलत नाहीत. आजार आणि तपासण्यांसाठी अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं मेडलाइनप्लस फुकट आहे. नवी उपकरणं, नव्या शस्त्रक्रिया यांच्यासाठी त्याच ग्रंथालयाचं पबमेड. एखादा शब्द पबमेडवरच्या लेखांच्या शीर्षकात तसाच, त्याच अर्थानं येतोय का, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

पाचवी पायरी: औषधं, इथं घाई नाही

औषधाच्या नावाची चूक पेशंटच्या पोटात जाते. म्हणून इथं चार गोष्टी जुळल्याशिवाय नाव पक्कं धरू नका: नाव, ताकद, दिवसातून किती वेळा, आणि कशासाठी. हायड्रॅलाझिन रक्तदाबासाठी, हायड्रॉक्सिझिन खाजेसाठी. कानाला एकच वाटतात. असल्या जोड्यांचा वेगळा भाग ठळक दिसावा म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेनं २००१ मध्ये त्या नावांतली काही अक्षरं मोठ्या लिपीत लिहायची पद्धत सुचवली. लोसेक आणि लॅसिक्स यांच्यात गोंधळ होतोय म्हणून १९९० मध्ये अमेरिकेत लोसेकचं नावच बदलून प्रायलोसेक करावं लागलं. एक आम्लपित्ताचं, दुसरं लघवी वाढवणारं.

शेपटावरून गट ओळखता येतो. 'ओलोल', 'प्रिल' आणि 'सार्टन' बहुतेक रक्तदाब आणि हृदयाची, 'प्राझोल' आम्लपित्ताची, 'स्टॅटिन' कोलेस्टेरॉलची. पण हा नियम डोळे मिटून लावू नका: अरिपिप्राझोल मानसोपचारातलं औषध आहे, आणि नायस्टॅटिनचा कोलेस्टेरॉलशी काही संबंध नाही, ते बुरशीवरचं आहे.

आपल्याकडं एकाच औषधाला कितीतरी कंपन्यांची नावं असतात, आणि ती परदेशी शब्दकोशात मिळणार नाहीत. इथल्या डिस्चार्ज कार्डाचं काम असेल तर औषधाची पट्टी हाच सगळ्यात चांगला शब्दकोश. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडं नुसतं औषधाचं नाव विचारा. पट्टीवर मूळ औषधाचं नाव छापलेलं असतं, तेही उतरवून घ्या. पेशंटचं नाव, गाव, आजार यांतलं एक अक्षरही तिथं बोलायचं नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकून "हा शब्द काय?" विचारणं तर अजिबात नाही. शब्द तेवढा टाइप करून विचारा.

डॉक्टरांनी जे नाव घेतलं तेच लिहा. परदेशातल्या डॉक्टरांनी अल्ब्युटेरॉल म्हटलं तर तेच. ते आपलं साल्ब्युटामॉलच आहे हे तुम्हाला कळलं, ते तुमच्याकडं राहू द्या. तेच ॲसिटामिनोफेन आणि पॅरासिटामॉलचं.

आकडे लिहिताना पूर्णांकापुढं दशांश आणि शून्य लावू नका, १.० चा टिंब पुसट झाला की १० होतात. टिंबाच्या आधी शून्य मात्र हवंच, .५ चे ५ होतात. युनिट शब्द पूर्ण लिहा; नुसतं यू लिहिलं तर ते शून्यासारखं दिसतं आणि इन्सुलिन दहापट होतं. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ मध्ये असे धोक्याचे संक्षेप बंद करायला लावले, ते याच कारणानं. पंधरा की पन्नास अशी शंका आली की ताकदीवरून तपासा, त्या औषधाची तशी गोळी तरी येते का बघा, आणि तरीही शंका राहिली तर पुढची पायरी.

शेवटची पायरी: न कळलेलं रिकामं सोडा

तीन वेळा ऐकलं, आवाज कमी-जास्त केला, वेग कमी केला, त्याच डॉक्टरांच्या जुन्या फाइलींत शोधलं, आणि तरी कळत नाही. मग जागा रिकामी सोडा आणि खूण करा. खूण अशी हवी की तपासणाऱ्याला थेट त्या जागी जाता येईल:

[०३:४२, ऐकू आलं "सोॲ...", कमरेच्या स्नायूचं नाव असावं]

वेळ, जे ऐकू आलं ते, आणि तुम्ही कुठवर पोचलात. नुसता प्रश्नचिन्ह टाकला तर पुढच्याला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. नवीन मुलं रिकामी जागा सोडायला लाजतात. वाटतं, आपल्याला येत नाही असं दिसेल. मला तुमच्या फाइलमध्ये तीन रिकाम्या जागा चालतील, एक अंदाज चालणार नाही, कारण रिकामी जागा मला दिसते, अंदाज दिसत नाही.

डॉक्टरच चुकले असं वाटलं तरी हेच. सुरुवातीला उजवा गुडघा, शेवटी डावा. आपण ठरवायचं नाही. दोन्ही ठिकाणी बोलले तसं ठेवायचं आणि दोन्ही जागांची मिनिटं-सेकंद लिहून खूण करायची. आता कॉम्प्युटर स्वतःच बोलणं ऐकून कच्चा मसुदा देतो आणि आपण तो सुधारतो, अशी कामंही येतात. तिथं जास्त सावध राहा. मशीन रिकामी जागा क्वचित सोडतं, न कळलेल्या जागी खराखुरा, नीट स्पेलिंगचा, भलताच शब्द बसवतं. "नो नोन ॲलर्जी"चं "नाऊ नोन ॲलर्जी" झालेलं मी पाहिलंय. मसुदा वाचताना हेडफोन कानातच ठेवा.

फाइल परत आली, रिकामी जागा भरून आली, की तो शब्द त्याच दिवशी वहीत चढवा: ऐकू आलं कसं, लिहायचं कसं, मराठीत अर्थ काय, कुठल्या वाक्यात आला. त्या मुलीनं तिची वही उच्चारावर लावलीय, बाराखडीच्या क्रमानं. 'स'च्या पानावर पहिली ओळ सोॲसची आहे, शेजारी मणक्याचं एक लहान चित्र, आणि त्याला चिकटून खाली उतरणारा स्नायू पेन्सिलीनं रंगवलेला.